वाळवंटातला मासा तगतो, मग आपला का दमतो?

एप्रिल लागला की दुकानात रोज एक तरी गिऱ्हाईक विचारतंच, "मोबाईलवर बघितलं, वाळवंटात गरम पाण्यात मासे राहतात. मग आमचा गोल्डफिश दुपारी वर येऊन तोंड का उघडतो?" प्रश्न रास्त आहे. दर वेळी काउंटरवर उभं राहून सांगण्यापेक्षा एकदा लिहूनच काढलं.

अमेरिकेत नेवाडामध्ये डेव्हिल्स होल म्हणून पाण्यानं भरलेली खडकातली एक खोल कपार आहे. तिथलं पाणी बारा महिने 33-34 अंशांवर. त्यात राहणारा पपफिश जेमतेम अडीच सेंटीमीटरचा, आपल्या गप्पीएवढा. पोटाखालचे पर त्याला नाहीतच. खाणं आणि अंडी घालणं चालतं ते मुख्यतः काठालगतच्या एका उथळ कातळावर, आणि तो कातळ आमच्या गाळ्याएवढा असेल-नसेल. 2013 च्या मोजणीत हे मासे फक्त 35 भरले.

गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, माशाची गरज मात्र वाढते. पपफिशची यावरची तोड अशी, की तो अधूनमधून प्राणवायू वापरणंच थांबवतो आणि अंगात चक्क अल्कोहोल तयार करून वेळ काढतो. प्रयोगात काही मासे असे दोन-दोन तास राहिलेले दिसले. गंमत म्हणजे ही युक्ती गोल्डफिशलाही येते, पण कडाक्याच्या थंडीतल्या पाण्यात. कोल्हापूरच्या उन्हाळ्यात ती त्याच्या कामाची नाही.

मिठाचंही तसंच. वाळवंटी पपफिशच्या काही जाती समुद्राच्या दुप्पट खाऱ्या पाण्यात राहतात; पाणी पितात आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतात. त्यांची लांबची भावकी म्हणजे तुमच्या टाकीतली मॉली. तिलाही खारं पाणी चालतं, पण सवय हळूहळू लावावी लागते. गोल्डफिशच्या टाकीत अंदाजानं मूठभर मीठ टाकणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

आफ्रिकेतल्या किलीफिशची तऱ्हा आणखी निराळी. डबकं आटतं, मासे मरतात, अंडी मात्र वाढ थांबवून चिखलात महिनोन्‌महिने पडून राहतात. एकदा अशी अंडी आमच्याकडे पाकिटातून आली होती. ओलसर तपकिरी भुसा, त्यात खसखशीएवढे दाणे. दुकानातल्या पोरानं चहाचा चोथा समजून ते पाकीट कचऱ्यात टाकलंच होतं!

हे सगळं अंगात भिनायला त्या माशांच्या हजारो पिढ्या गेल्या. तुमच्या माशाला ते चार दिवसांत जमणार नाही, म्हणून उन्हाळ्यात एवढं करा. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं दुपारचं पाणी थेट ओतू नका; बादलीत भरून रात्रभर ठेवा, क्लोरीन घालवणारं औषध घाला आणि एका वेळी पाव टाकीच बदला. खाणं निम्म्यावर आणा. पाणी फार तापलं तर बर्फाची बंद बाटली तरंगत ठेवा, सुटा बर्फ टाकू नका. लाईट जाते त्या भागात बॅटरीवरचा एअर पंप घ्याच. हे आम्ही धंद्यापायी सांगतोय असं वाटेल, पण उन्हाळ्यात मेलेले मासे घेऊन येणारे बहुतेक जण "लाईट गेली होती" असंच सांगतात.

आणि मासे सांभाळणं होत नसेल तर रंकाळ्यात सोडू नका. आमच्याकडे आणून द्या, आम्ही ठेवून घेऊ.