खासगीपणा (भारतातील बदलती धारणा)

खासगीपणा म्हणजे आपले शरीर, घर, पत्रव्यवहार आणि आपल्याविषयीची माहिती यांपर्यंत कोणाला येऊ द्यायचे, हे स्वतः ठरवण्याची मुभा. मराठीत हा शब्द आधी पैशाचा होता. होळकरांच्या कारभारात ‘दौलत’ म्हणजे राज्याचा महसूल आणि ‘खासगी’ म्हणजे राजघराण्यातील स्त्रीच्या हातातली स्वतंत्र मिळकत. अहिल्याबाईंनी देशभर बांधलेल्या घाट-देवळांचा खर्च या खासगीतून झाला, असे सांगतात. माहितीही खासगी असते, हा अर्थ बराच मागाहून चिकटला.

चाळीत अशा खासगीपणाची फारशी गरजही भासत नसे. लग्नपत्रिकेवर फोन नंबरापुढे ‘पी. पी.’ छापलेले असे, म्हणजे फोन शेजाऱ्यांकडचा. बोलवायला आलेल्या काकू फोन संपेपर्यंत तिथेच उभ्या राहत. पोस्टकार्ड तर पोस्टमननेही वाचलेले असे. मात्र आपले गुपित कोणाला ठाऊक आहे हे आपल्यालाही ठाऊक असे, आणि त्यांचेही आपल्याला माहीत असे. फोन हातात आल्यावर ही फिटंफाट संपली. आता घरातले कोणी खोलीत शिरले की स्क्रीन उलटी ठेवणारा माणूस विजेरीच्या ॲपलाही संपर्कयादी पाहू देतो.

संविधानात हा हक्क शब्दशः नाही. १९५४ आणि १९६२ च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नव्हता. २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे आधार क्रमांकांचे वाटप सुरू झाले. बोटांचे ठसे आणि बुबुळे सरकारदरबारी जमा होऊ लागली, तसा प्रश्न तातडीचा झाला. निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी २०१२ मध्ये आधारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. खासगीपणा मूलभूत हक्क नाही, अशी सरकारची बाजू होती. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायाधीशांनी तो एकमताने मान्य केला. आणीबाणीत अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येणार नाही, असे सांगणारा १९७६ चा निकाल याच वेळी न्या. धनंजय चंद्रचूड यांनी चुकीचा ठरवला; त्यात त्यांचे वडील यशवंतराव चंद्रचूड बहुमतात होते.

पुढच्या वर्षी खासगी कंपन्यांच्या आधार वापराला न्यायालयाने चाप लावला. लॉजच्या काउंटरवर आधारची झेरॉक्स अजूनही निमूट दिली जाते. फक्त शेवटचे चार आकडे दाखवणारे ‘मास्क्ड’ आधार मिळते, हे अनेकांच्या गावीही नसते. जानेवारी २०२१ मध्ये व्हॉट्सॲपच्या नव्या धोरणाने गहजब झाला, लोक सिग्नल या दुसऱ्या संदेश-ॲपवर गेले. सोसायटीचा आणि शाळेचा ग्रुप मात्र हलला नाही, म्हणून बरेचजण परतले.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला. त्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे, तशा सरकारी यंत्रणांना सवलतीही आहेत. खरा वाद त्याने माहिती अधिकार कायद्यात केलेल्या बदलावर आहे. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली किंवा उघड केल्यास खासगीपणावर अकारण घाला घालणारी वैयक्तिक माहितीच नाकारता येई. कलम ८(१)(ञ) मधल्या या अटी काढल्या गेल्या. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची तरतूद त्याच कायद्याच्या कलम ८(२) मध्ये शिल्लक आहे, तरी हजेरीपट आणि लाभार्थ्यांच्या याद्या मागणाऱ्याला आता ‘वैयक्तिक माहिती’ एवढेच उत्तर मिळेल, असा कार्यकर्त्यांचा आक्षेप आहे.