दुपारी चारला सकाळची बस वर कशी?

पणजीच्या बसस्थानकावर दुपारी चार वाजता उभ्या असलेल्या माणसाला सकाळीच सुटून गेलेल्या वाळपईच्या बसचं काय करायचं? तरीही वेळेनुसार लावलेल्या यादीत तीच सगळ्यांत वर येते. समजा डेटाबेसमधल्या तक्त्यात चारच नोंदी आहेत: वाळपई ६.१५, साखळी १४.३०, पेडणे १६.२०, काणकोण १८.००. प्रवाशाला वर हवी ती पेडण्याची.

डेटाबेसमधल्या ओळींना मुळात क्रमच नसतो. एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेल्या रिलेशनल प्रारूपात तक्ता म्हणजे गणितातला संच, आणि संचात पहिला-दुसरा असं काही नसतं. क्रम हवा तर एसक्यूएलमध्ये, म्हणजे डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत, 'ऑर्डर बाय' लिहून तो मागावा लागतो. त्यापुढे रकान्याचं नावच द्यायचं, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तिथे एखादी अटही चालते:

ऑर्डर बाय केस व्हेन वेळ >= आत्ता देन ० एल्स १ एंड, वेळ

'व्हेन'पुढची अट खरी ठरली तर 'देन'पुढचा ०, नाहीतर 'एल्स'पुढचा १. म्हणजे सुटायच्या बसला ०, सुटलेलीला १. आधी या आकड्यावर क्रम लागतो, आकडा सारखा असेल तर वेळेवर. हा ०-१ तक्त्यात कुठेही साठवलेला नसतो. प्रश्न विचारला की तेवढ्यापुरता तयार होतो. म्हणून पाच वाजता हाच प्रश्न पुन्हा विचारला, तर पेडण्याची बस आपसूक खाली सरकते आणि काणकोणची वर येते.

खरी गंमत जत्रेच्या दिवशी. जादा बस सोडायची ठरलंय, पण वेळ अजून ठरलेली नाही, म्हणून तो रकाना रिकामा, म्हणजे 'नल'. आता 'नल' चारपेक्षा मोठा की लहान? एसक्यूएलचं उत्तर ना 'हो', ना 'नाही'. ते 'अज्ञात' असतं. 'व्हेन'ला तर स्पष्ट 'हो'च लागतो. मग जादा बस मुकाट्याने 'एल्स'मध्ये पडते आणि न सुटताच सुटलेल्या बसांच्या रांगेत जाऊन बसते! शिवाय त्या रांगेत ती वर की खाली, तेही डेटाबेस-प्रणालीवर अवलंबून: चढत्या क्रमात पोस्टग्रेस 'नल' शेवटी ठेवतं, मायएसक्यूएल सुरुवातीला. उपाय सोपा आहे. 'वेळ इज नल'साठी वेगळं 'व्हेन' लिहून तिला १ द्यायचा आणि सुटलेल्यांना २. असा कप्पा आधीच करून ठेवावा, जत्रेची वाट पाहू नये.

या सोयीची किंमतही आहे. वेळेच्या रकान्यावर इंडेक्स, म्हणजे आधीच क्रमाने लावून ठेवलेली सूची, असला, तरी क्रम दर क्षणी बदलणाऱ्या अटीवर ठरत असल्यामुळे तो इथे सहसा कामी येत नाही. डेटाबेसला ओळी नव्याने लावाव्या लागतात. चार बसांना काय फरक पडतो म्हणा! लाखो नोंदींत मात्र आधी 'व्हेअर'ची अट लावून नको त्या ओळी गाळून घेतलेलं बरं.

आणि रकान्यात नुसती वेळ न ठेवता तारीखही ठेवावी. नाहीतर रात्री अकरा वाजता मध्यरात्रीनंतरची साडेबाराची गाडी 'सुटलेली' ठरते.