चहा हवाच, पण जेवणाला जोडून नको

पौषातल्या भोगीचं ताट आहारशास्त्राच्या नजरेनं पाहिलं तर थक्क व्हायला होतं. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, आणि ओला हरभरा, वालपापडी, वांगी, गाजर घातलेली लेकुरवाळी भाजी. १०० ग्रॅम बाजरीत साधारण ६ मिलिग्रॅम लोह असतं, म्हणजे गव्हाच्या जवळजवळ दीडपट. तिळात लोहही आहे आणि कॅल्शियमही. त्या हंगामात शेतात जे पिकतं, तेच ताटात येतं.

आणि मग हात धुऊन होतात न होतात तोच आतून आवाज येतो, "चहा टाकू का?"

इथे घोटाळा होतो. धान्य-भाज्यांमधलं लोह शरीरात शोषलं जायला मुळातच अवघड असतं. त्यात चहामधली टॅनिनं, म्हणजे त्याला तुरटपणा देणारे घटक, आतड्यात या लोहाला बांधून ठेवतात आणि ते न शोषलं जाताच बाहेर पडतं. जेवणाबरोबर घेतलेल्या एका कप कडक चहानं हे शोषण निम्म्याहूनही खाली येऊ शकतं. आपल्या चहात दूध असतं म्हणून सुटका होते असंही नाही. दुधानं यात फारसा फरक पडत नाही. दोष कॅफिनचाही नाही, त्यामुळे कॅफिन काढलेला चहा घेतला तरी टॅनिनं असतातच.

एखाद्या धडधाकट, मांसमच्छी खाणाऱ्या माणसाला याचा फटका जाणवणार नाही. पण २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रातही प्रमाण निम्म्याच्या वरच आहे. रक्तक्षयाची कारणं अनेक असली तरी लोहाची कमतरता हे त्यातलं मोठं कारण. सकाळी चहा-चपाती खाऊन कामाला जुंपणाऱ्या बाईच्या पोटात चपातीतलं तुटपुंजं लोह आणि चहा एकदमच पोचतात, ही गोष्ट मला फार खुपते. तिला चहा सोडायला सांगणं मला पटत नाही. वेळ बदलली तरी पुष्कळ साधतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये काढलेल्या आहार मार्गदर्शिकेत जेवणाआधी आणि जेवणानंतर किमान एक तास चहा-कॉफी टाळायला सांगितलं आहे.

उलट दिशेनं काम करणारा पदार्थ म्हणजे क जीवनसत्त्व. ते लोहाला सहज शोषलं जाईल अशा रूपात आणतं. म्हणून मटकीच्या उसळीवर लिंबू पिळायचं, तेही भांडं चुलीवरून उतरवल्यावर, कारण उष्णतेनं हे जीवनसत्त्व नष्ट होतं. थंडीत आवळे आणि पेरू मुबलक असतात. भाकरीबरोबर कच्च्या आवळ्याची फोड असली तर फारच छान. मोड आणल्यानं कडधान्यातलं फायटेट, म्हणजे लोहाला अडवणारा दुसरा घटक, कमी होतो.

आता कॅफिनकडे. जागेपणी मेंदूत अ‍ॅडेनोसिन हे रसायन साठत जातं आणि त्याची खूण पटली की झोप येऊ लागते. कॅफिन नेमकी अ‍ॅडेनोसिनची जागा अडवून बसतं. थकवा तसाच असतो, फक्त तो कळत नाही. निरोगी प्रौढ माणसाच्या रक्तातलं कॅफिन निम्मं व्हायला सरासरी ५ तास लागतात. संध्याकाळी सहाच्या चहातून ५० मिलिग्रॅम गेलं, तर रात्री अकराला त्यातलं २५ शिल्लक असतं. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत हाच काळ १५ तासांपर्यंत लांबू शकतो, म्हणून तेव्हा जास्त जपायचं. त्याच मार्गदर्शिकेत प्रौढांसाठी दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. १५० मिलिलिटर चहात ३० ते ६५, तर गाळलेल्या कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफिन असतं.

रक्तवाढीच्या गोळ्या सुरू असलेल्या कितीतरी बायका ती गोळी चहाच्या घोटाबरोबर गिळतात, कारण सकाळी हातात तोच कप असतो. गोळी पाण्याबरोबर घ्यावी, लिंबूपाणी असेल तर उत्तम, आणि चहा तासाभरानं.