पावसाळ्यात फोटो-एच लावायचं नाही? कोण म्हणतं!

मुंबईत जहाजांची मॉडेल्स करणाऱ्यांच्या डोक्यात एक समज घट्ट बसलाय, की जूनपासून हवा दमट, फेविक्विक सुकत नाही, म्हणून रेलिंग, शिड्या, रडार असले फोटो-एचचे, म्हणजे पातळ पितळी पत्र्यातून रसायनाने कोरून काढलेले, पार्ट दिवाळीनंतरच लावायचे. अहो, साफ उलटं आहे! फेविक्विक काय, सुपरग्लू काय, सगळे सायनोअ‍ॅक्रिलेट, ते पाणी उडून सुकत नाहीत, ओलावाच त्यांना घट्ट करतो, म्हणजे जुलैत ते लवकर पकडतात आणि एसी लावून बसलात तर उलट वेळ लागतो.

मग पार्ट निघतो कशाने? बहुतेक वेळा बोटांच्या तेलाने. 1/350 ला, म्हणजे खऱ्या जहाजाच्या साडेतीनशे पट लहान मॉडेलवर, मीटरभर उंच रेलिंग जेमतेम 3 मिलिमीटरचं होतं, चिकटायला जागाच नाही, त्यात पितळ तेलकट. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, सुईच्या टोकावर ठिपका घेऊन लावा, ट्यूबमधून थेट नको, जाड थर आत कच्चाच राहतो.

पावसाळ्याचा खरा त्रास वेगळा, उघडी ट्यूब लवकर खराब होते आणि गोंदाची वाफ आजूबाजूला पांढरी बसते, तेव्हा पंखा हळू का होईना चालू ठेवा. एअरब्रशने (रंगाची बारीक फवारणी करणाऱ्या पेनने) लॅकर रंग मारणं मात्र खरंच पुढे ढकला, दमट हवेत पांढरट झाक येते त्यावर.