आधी डोळा, मग ओठ : लहान मुलांच्या कार्यस्मृतीच्या अभ्यासाची पार्श्वभूमी

कोकणातल्या घराघरांत दिवेलागणीला शुभंकरोतीनंतर पाढ्यांची पर्वचा होत असे आणि चार वर्षांचे मूलही मोठ्या भावंडांच्या सुरात सूर मिसळून 'बे एके बे' म्हणत असे. पाठांतराच्या या बळावरून त्याच्या कार्यस्मृतीचा अंदाज बांधणे मात्र चुकीचे ठरेल. कार्यस्मृती म्हणजे आत्ताच ऐकलेले वा पाहिलेले काही क्षण मनात धरून त्यावर काम करण्याची क्षमता. आजीने आगरातून दोन शहाळी, एक केळफूल आणि चार विड्याची पाने आणायला सांगितली, तर मूल काय काय घेऊन परतते, तिथे कार्यस्मृतीचा कस लागतो.

तिच्या मोजमापाची सुरुवात कानापासून झाली. लंडनमध्ये जोसेफ जेकब्ज यांनी १८८७ मध्ये शाळकरी मुलांकडून आकड्यांच्या माळा म्हणवून घेतल्या, तेव्हा वयाबरोबर माळ लांबत जाते असे दिसले. बिने आणि सिमोन यांनी १९०५ च्या बुद्धिमापन श्रेणीत हीच युक्ती घेतली, आणि व्ही. व्ही. कामत यांच्या रूपांतरामुळे ती मराठी व कानडी मुलांपर्यंत आली. डोळ्यांच्या स्मृतीकडे फारसे कुणी वळले नाही. नऊ ठोकळ्यांना ठरावीक क्रमाने बोट लावण्याची कोर्सी यांची चाचणी थेट १९७२ ची आहे. त्यानंतर दोनच वर्षांनी बॅडली आणि हिच यांनी शब्दांसाठी एक आणि दृश्य-अवकाशासाठी दुसरी अशा दोन साठवणी व त्यांवर देखरेख करणारे एक नियंत्रण, अशी मांडणी केली.

मुलांबाबतचा माझ्या मते सर्वांत बोलका प्रयोग त्याआधीचा, १९६६ चा, फ्लॅव्हेल आणि सहकाऱ्यांचा आहे. चित्रांचा क्रम लक्षात ठेवताना मुलांचे ओठ हलतात का, हे एक निरीक्षक टिपत होता: पाच वर्षांच्या २० मुलांपैकी अवघी २ मुले पुटपुटत होती, तर दहा वर्षांच्या २० पैकी १७. पुढे १९८८ मध्ये हिच आणि सहकाऱ्यांना आढळले की पाच वर्षांची मुले दिसायला सारख्या चित्रांत गोंधळतात आणि दहा वर्षांच्या मुलांना लांब नावे जड जातात; म्हणजे लहान मुले चित्र डोळ्यांनी धरून ठेवतात, तर मोठी त्याचे नाव मनात म्हणून. आपल्याकडे अशी चाचणी घ्यायची, तर अंगणवाडीतल्या मुलासमोर तारली, पेडवे आणि बांगडा या सारख्या दिसणाऱ्या माशांची चित्रे ठेवावी लागतील आणि चौथीतल्या मुलासमोर 'माड', 'होडी' यांच्या जोडीला 'रातांबा', 'केळफूल' यांची. गॅदरकोल आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये चार ते पंधरा वर्षांच्या मुलांची पाहणी केली, तेव्हा बॅडली आणि हिच यांची दोन साठवणी व एक नियंत्रण ही त्रिविध रचना सहाव्या वर्षापासूनच आढळली. तिचे प्रत्येक अंग मात्र पौगंडावस्थेपर्यंत वाढतच राहते.