सुईवरची म्हैस

यवतमाळकडच्या जनावरांच्या बाजारात जाणता गिऱ्हाईक म्हशीचे दात पाहून झाले की हळूच विचारतो, "सुईवर तं नाही ना हे?" सुई म्हणजे ऑक्सिटोसिनची. रेडकू मेलं, म्हैस पान्हवत नाही, मग कोणीतरी कुपी आणतो आणि दोन मिनिटांत धार लागते. काही आठवडे असं चाललं की सुई चुकल्या दिवशी कास भरलेली असूनही म्हैस दूध सोडत नाही. लोक म्हणतात, नखरे करते. बिचारीचा काही दोष नाही. गाईंवरच्या प्रयोगांत दिसलं, की रोज सुई घेणाऱ्या गाईच्या मेंदूतून ऑक्सिटोसिन नेहमीसारखंच सुटतं. कासच ते ऐकेनाशी होते.

ऑक्सिटोसिन हे ९ अमिनो आम्लांचं इवलंसं संप्रेरक. ते पेशीच्या आवरणावरच्या ग्राहीवर, म्हणजे निरोप झेलणाऱ्या प्रथिनावर (रिसेप्टर), बसलं की पेशीत कॅल्शियम वाढतं आणि पेशी आवळते. कासेतल्या स्नायूसारख्या पेशींचं हे असं, आणि गर्भाशयाच्या अरेखित स्नायूचंही तसंच. पण ग्राहीला सारख्याच हाका येत राहिल्या, तर एक विकर (एन्झाइम) त्याच्या आतल्या शेपटीला फॉस्फेट चिकटवतं. त्यावर बीटा-अरेस्टिन नावाचं प्रथिन येऊन बसतं, निरोप आत जाणं थांबतं आणि पुढे अख्खा ग्राहीच पेशीच्या पोटात ओढला जातो. तासन्‌तास असंच चाललं तर पेशी नवे ग्राहीही कमी बनवते. ग्राहींच्या या घराण्यावरच्या कामासाठी लेफ्कोविट्झ आणि कोबिल्का या अमेरिकी शास्त्रज्ञांना २०१२ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

शरीर स्वतः ऑक्सिटोसिन थांबून थांबून, झटक्याझटक्यानं सोडतं. रक्तात ते काही मिनिटांतच निम्मं होतं. सलाईनमधून मात्र ते अखंड ठिबकतं.

म्हणूनच कळा वाढवायला बराच वेळ हे सलाईन चाललेल्या बाईकडे बाळंतपणानंतर जास्त लक्ष ठेवावं लागतं. वार पडली की गर्भाशयानं करकचून आवळून उघड्या रक्तवाहिन्या दाबायच्या असतात. नेमकं तेव्हाच ऑक्सिटोसिन अपुरं पडू शकतं. "पिशवी थकली," असं आपण म्हणतो, पण बऱ्याचदा ती थकलेली नसते, त्या एका हाकेला बहिरी झालेली असते. मिथाइलअर्गोमेट्रिन, कार्बोप्रोस्ट, मिसोप्रोस्टॉल ही औषधं वेगळ्या ग्राहींवर बसतात, त्यामुळे तीच पिशवी पुन्हा आवळू शकते. (रक्तदाब वाढलेल्या बाईला यातलं पहिलं चालत नाही, दमेकरी बाईला दुसरं.)

आपल्याकडे यात आणखी एक घोळ आहे. ऑक्सिटोसिनची कुपी साधारणपणे २ ते ८ अंशांत ठेवायची असते, आणि मे महिन्यात इथला पारा ४५ ला टेकतो. फ्रिज बंद पडलेल्या उपकेंद्रात पिशवी आवळेना, तर ग्राही आत गेले की कुपीतला दम गेला, हे रक्त वाहत असताना कोण ठरवणार? दोन्हींत करायचं मात्र एकच: वरून पोट चोळत राहायचं, मोठ्या दवाखान्यात न्यायला गाडी बोलवायची आणि फ्रिज न लागणारी मिसोप्रोस्टॉलची गोळी काढायची.