लॅक्टोजचे पचन आणि आतड्यांतील जीवाणू : सोलापूरच्या आहाराच्या संदर्भात

लॅक्टोज ही दुधातील साखर. गाईच्या आणि म्हशीच्या दुधात ती साधारण ५ टक्के, तर आईच्या दुधात सुमारे ७ टक्के असते. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन साध्या साखरांची ही जोडी तुटल्याशिवाय रक्तात शोषली जात नाही. ती तोडण्याचे काम लहान आतड्याच्या अस्तरावरील लॅक्टेज हे एंझाइम करते. तान्ह्या बाळांत ते भरपूर असते. अंगावरचे दूध सुटल्यानंतर जगातील सुमारे दोन-तृतीयांश माणसांत ते हळूहळू घटते. मग न तुटलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात उतरते आणि तिथल्या जीवाणूंचे अन्न बनते.

लॅक्टेज घटणे हा आजार नव्हे, सस्तन प्राण्यांत तसेच होते. मोठेपणीही ते टिकणे हाच अपवाद. लॅक्टेजच्या जनुकाशेजारी एमसीएम६ नावाचे जनुक आहे. त्यातील डीएनएच्या एका अक्षराच्या बदलामुळे लॅक्टेज टिकते, हे २००२ साली फिनलंडमधील कुटुंबांच्या अभ्यासातून पुढे आले. हाच बदल भारतातही आढळतो. वायव्येकडे तो अधिक आणि आग्नेयेकडे जाताना विरळ होत जातो. निलगिरीतील म्हशी पाळणारे तोडा लोक याला ठळक अपवाद आहेत. सोलापूर या उतरंडीच्या अधल्यामधल्या पट्ट्यात येते. त्यामुळे एकाच पंगतीत एकाला बासुंदीच्या दोन वाट्या सहज जिरतात आणि शेजारच्याच्या पोटात थोड्या वेळात गुडगुड सुरू होते, यात नवल नाही. त्या शेजारच्याला ‘दूध पचवायची ताकद नाही’ असे हिणवणे थांबले पाहिजे.

मोठ्या आतड्यात पोचलेले लॅक्टोज बायफिडोबॅक्टेरियम आणि इतर काही जीवाणू आंबवतात. त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी छोटी मेदाम्ले तयार होतात. ब्युटिरेट तर मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन आहे. म्हणजे लहान आतड्यात न पचलेले दूध सगळे वाया जात नाही, त्यातला बराच भाग जीवाणूंमार्फत शरीराला परत मिळतो. त्रास होतो तो हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड या वायूंनी, आणि साखरेने आतड्यात ओढून घेतलेल्या पाण्याने. पोट फुगणे, कळ येणे, जुलाब होणे ही लक्षणे त्यातून येतात. मिथॅनोब्रेव्हिबॅक्टर स्मिथिआय हा सूक्ष्मजीव ज्यांच्या पोटात असतो, त्यांच्यात तो हायड्रोजनचे चार रेणू वापरून मिथेनचा एक रेणू बनवतो, त्यामुळे वायूचे आकारमान कमी होते.

निदानाची श्वासचाचणी याच रसायनावर उभी आहे. रुग्णाला उपाशीपोटी २५ किंवा ५० ग्रॅम लॅक्टोज पाण्यातून देतात आणि दर अर्ध्या तासाने पिशवीत किंवा नळीत फुंकायला सांगतात. माणसाच्या स्वतःच्या पेशी हायड्रोजन बनवत नाहीत. श्वासात आला तो जीवाणूंचाच. मूळ पातळीपेक्षा तो दशलक्षात २० भागांनी वाढला, तर लॅक्टोज पचलेले नाही असे धरतात. मिथेन करणाऱ्यांत हायड्रोजन कमी दिसतो, म्हणून अशांसाठी मिथेनही मोजावा लागतो.

माणसाचे जनुक आणि त्याच्या पोटातले जीवाणू यांच्यातला सर्वात पक्का दुवा इथेच सापडला आहे. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या १८,३४० व्यक्तींच्या एकत्रित अभ्यासात लॅक्टेज जनुकाचा भाग आणि बायफिडोबॅक्टेरियमचे प्रमाण यांचा संबंध ठळकपणे दिसला, आणि तो वयानुसार बदलतो हेही दिसले. ज्यांचे लॅक्टेज घटले आहे पण जे दूध घेतात, त्यांच्यात हे जीवाणू जास्त असतात.

जीवाणूंना सवयही लागते. १९९६ सालच्या एका प्रयोगात लॅक्टेज घटलेल्या व्यक्तींना १० दिवस रोज लॅक्टोज दिले गेले. त्यांच्या विष्ठेतील लॅक्टोज तोडणाऱ्या जीवाणूजन्य एंझाइमची क्रिया सुमारे तिप्पट झाली आणि श्वासातला हायड्रोजन घटला. त्यांचे लॅक्टेज काही वाढले नव्हते, बदल झाला तो जीवाणूंत. म्हणून एकदा पोट बिघडले की दूध कायमचे सोडणे हा घाईचा निर्णय ठरतो. लॅक्टेज घटलेले बहुतेक प्रौढ जेवणासोबत सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज, म्हणजे मोठा कपभर दूध, फारशा त्रासाशिवाय घेऊ शकतात.

सोलापूर जिल्हा लांब शिंगांच्या पंढरपुरी म्हशीचा आणि खिलार गुरांचा. म्हशीचे दूध ‘जड’ म्हणतात ते स्निग्धांशामुळे. लॅक्टोज त्यात गाईच्या दुधाइतकेच असते. इथल्या ताटात मात्र दुधापेक्षा दह्याताकाचे स्थान मोठे आहे. मालदांडी ज्वारीची कडक भाकरी मोडायची, तिच्यावर घट्ट दही आणि शेंगाचटणी घालायची आणि हातानेच कालवून खायचे. थंडीत शेतावर भाजलेल्या हुरड्यासोबतही दही-चटणी लागतेच. विरजणाचे जीवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच संपवतात, आणि उरलेला तोडायला स्वतःचे एंझाइम सोबत घेऊन पोटात उतरतात. १९८४ च्या एका अभ्यासात दह्यातून तेवढेच लॅक्टोज दिल्यावर श्वासातला हायड्रोजन दुधाच्या तुलनेत सुमारे एक-तृतीयांशच भरला. भाकरीबरोबर खाल्ले की जठर सावकाश रिकामे होते आणि लॅक्टोज एकदम खाली उतरत नाही, हा आणखी फायदा. कढी उकळली की जिवंत विरजण मरते, त्यामुळे ताजे ताक आणि कढी पचनाच्या दृष्टीने एक नव्हेत. पेढ्याचे आणि खव्याचे गणित उलटे आहे: दूध आटताना पाणी जाते, लॅक्टोज राहते. साजूक तुपात ते जवळजवळ नसतेच.

लॅक्टोजसकट अनेक आंबणाऱ्या साखरा टाळणाऱ्या आहारात पोटाला आराम पडतो, पण बायफिडोबॅक्टेरियमची संख्याही घटते. म्हणून असा आहार आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली, ठरावीक काळापुरता ठेवतात. दुधातील प्रथिनांची ॲलर्जी ही वेगळी बाब आहे. तिचा संबंध प्रतिकारशक्तीशी असून तिथे ‘थोडे थोडे घेऊन सवय लावू’ हा घरगुती प्रयोग धोकादायक ठरू शकतो. लहान मुलांत मोठ्या जुलाबानंतर आतड्याचे अस्तर सोलवटल्याने लॅक्टेज तात्पुरते कमी होते. त्या काळातही बाळाचे अंगावरचे दूध बंद करू नये, अस्तर भरून आले की लॅक्टेज पुन्हा तयार होऊ लागते.